पहिली नोकरी रात्रपाळीची : पुण्यातील नेटवर्किंगचे क्षेत्र आणि विद्यार्थी

संगणक एकमेकांशी जोडणे, त्या जोडणीवरून माहितीची ने-आण सुरळीत ठेवणे आणि ती कोठे अडलीच तर अडथळ्याचे नेमके ठिकाण शोधून तो दूर करणे, या तीन कामांना मिळून व्यवहारात ‘नेटवर्किंग’ म्हटले जाते. पुण्यातून दरवर्षी पदवी किंवा पदविका घेऊन बाहेर पडणाऱ्या संगणकाच्या विद्यार्थ्यांमध्ये प्रोग्रॅमिंगची ओढ मोठी असते आणि नेटवर्किंगकडे ‘ते जमले नाही तर हे’ अशा नजरेने पाहिले जाते. परंतु हिंजवडी, खराडी, मगरपट्टा किंवा बाणेर येथील कोणत्याही कार्यालयाचे, तसेच चाकण-रांजणगावच्या कारखान्यांचे, रुग्णालयांचे आणि सहकारी बँकांचे दैनंदिन कामकाज ज्या जाळ्यावर चालते, ते जाळे उभारणारी आणि राखणारी माणसे लागतातच. या क्षेत्रात प्रवेश कसा होतो, याची माहिती मात्र विद्यार्थ्यांना बहुतेक वेळा क्लासच्या जाहिरातींतून मिळते आणि त्यामुळे ती एकांगी राहते.

दूरवरच्या संदेशवहनाशी पुण्याचा संबंध सॉफ्टवेअर उद्योगापेक्षा पुष्कळ जुना आहे. भारत आणि इंग्लंड यांच्यात १९२७ साली जी बिनतारी ‘बीम’ तारसेवा सुरू झाली, तिचे प्रक्षेपण केंद्र खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला होते. पुढे १९७१ मध्ये नारायणगावजवळ आर्वी येथे देशातील पहिले व्यापारी उपग्रह भू-केंद्र कार्यान्वित झाले आणि परदेशी दूरध्वनीचा मोठा भार त्या केंद्राने वाहिला. १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, पुण्यात स्थापन झाले. नव्वदच्या दशकाच्या आरंभी सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची जी पहिली केंद्रे निघाली, त्यांत पुणे होते. दिघी येथे आज टाटा कम्युनिकेशन्सचा परिसर आहे, आणि २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने भारतात आपल्या क्लाउडचे तीन विभाग उघडले, तेव्हा ‘मध्य भारत’ असे नाव दिलेला विभाग प्रत्यक्षात पुण्यात ठेवला. खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, जिच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात विखुरलेल्या असून ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती केंद्राशी जोडलेल्या आहेत, ती जुन्नर तालुक्याच्या शेतशिवारात पसरलेले एक उत्तम नेटवर्कच आहे. विद्यार्थ्यांच्या सहली तेथे खगोलशास्त्रासाठी जातात, फायबरसाठी कोणी जात नाही, ही गोष्ट वेगळी.

नोकऱ्या कोठे असतात, हे पाहताना विद्यार्थ्यांची नजर मोठ्या आयटी कंपन्यांवरच खिळते. त्या कंपन्यांत परदेशी ग्राहकांच्या नेटवर्कवर चोवीस तास लक्ष ठेवणारी कक्षवजा केंद्रे असतात, ज्यांना नेटवर्क ऑपरेशन्स सेंटर किंवा नुसते ‘नॉक’ म्हणतात. परंतु पहिली नोकरी देणाऱ्यांमध्ये आणखी एक मोठा वर्ग आहे, तो म्हणजे ‘सिस्टिम इंटिग्रेटर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहान-मध्यम कंपन्यांचा. कारखान्यात, शाळेत किंवा इस्पितळात केबल टाकणे, रॅक उभारणे, स्विच व फायरवॉल बसवणे, वाय-फाय आणि सीसीटीव्ही चालू करून देणे आणि मग वर्षभर देखभाल करणे हा त्यांचा व्यवसाय असतो. तिसरा वर्ग इंटरनेट सेवा पुरवणाऱ्यांचा, ज्यात मोठ्या दूरसंचार कंपन्यांपासून उपनगरातल्या केबलचालकापर्यंत सगळे येतात. नेटवर्कची उपकरणे किंवा सुरक्षेची उत्पादने घडवणाऱ्या कंपन्याही पुण्यात आहेत; मात्र तेथे मुळात प्रोग्रॅमर लागतो, नेटवर्कचे ज्ञान त्याच्या जोडीला लागते.

मोठ्या केंद्रांतील कामाची उतरंड ठरलेली असते. पडद्यावर इशारा उमटला की त्याची नोंद करायची, नोंदीला म्हणतात ‘तिकीट’, ठरलेल्या तपासण्या करायच्या आणि प्रश्न सुटला नाही तर तो वरच्या पातळीकडे सोपवायचा, हे पहिल्या पातळीचे, म्हणजे ‘एल-वन’चे काम, उपकरणाच्या मांडणीत बदल करून दोष दुरुस्त करणे हे ‘एल-टू’चे, आणि आराखडा आखणे, अवघड बिघाडाच्या मुळाशी जाणे हे ‘एल-थ्री’चे. प्रत्येक तिकीट किती वेळात हाताळले पाहिजे, हे ग्राहकाशी झालेल्या सेवा-कराराने, ज्याला ‘एसएलए’ म्हणतात, बांधलेले असते. नवख्या पदवीधराला जागा मिळते ती बहुधा एल-वनला आणि तीही फिरत्या पाळीत. अमेरिकेतला दिवस ही पुण्याची रात्र असल्याने पहिल्या एक-दोन वर्षांत रात्रपाळी टळत नाही, ही गोष्ट मुलाखतीपूर्वीच घरच्यांशी बोलून घेतलेली बरी. महिलांच्या बाबतीत २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाने रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेतील कामासाठी त्यांची संमती आणि मालकाकडून पुरेशी सुरक्षितता आवश्यक केली आहे. तेव्हा ने-आण करणारी गाडी कोठून कोठपर्यंत येते, हे विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

एल-वनच्या कामाला अनेकजण ‘नुसते तिकीट फिरवणे’ म्हणून नावे ठेवतात. ते खरेही होऊ शकते, आणि खोटेही. दोष पायरीपायरीने शोधण्याची सवय ज्याला लागली, तो या पातळीवर वर्षभरात जेवढे बिघाड पाहतो तेवढे पुस्तकातून पाहणे शक्य नाही. ज्याला ती लागली नाही, तो तीन वर्षांनीही तिकीटच फिरवत राहतो. नेटवर्किंगमधील नोकरी मिळण्याचा आणि टिकण्याचा सगळा भार या एका सवयीवर आहे, म्हणून ती थोडी उलगडून पाहणे योग्य ठरेल.

समजा, चाकणमधील एका कारखान्याच्या भांडार विभागातून ‘नेट चालत नाही’ अशी तक्रार आली. ‘नेट चालत नाही’ या तीन शब्दांत किमान पाच वेगवेगळे आजार दडलेले असू शकतात. पहिली तपासणी तारेची : संगणकाची केबल जेथे जोडली आहे तेथला बारीक दिवा लागतो की नाही. तो लागत नसेल तर केबल तुटलेली असेल, टोकाची क्लिप नीट दाबली गेलेली नसेल, किंवा तांब्याच्या इथरनेट केबलला असलेली सुमारे १०० मीटरची मर्यादा कोणीतरी ओलांडलेली असेल, जे मोठ्या शेडमध्ये सर्रास घडते. दिवा लागत असेल तर संगणकाला पत्ता मिळाला आहे का, ते पाहायचे. जाळ्यातील प्रत्येक यंत्राला आयपी ॲड्रेस नावाचा अंकी पत्ता लागतो आणि तो वाटण्याचे काम डीएचसीपी नावाची सेवा करते. ती सेवा पोहोचली नाही की विंडोजचा संगणक स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता धारण करतो. हे आकडे पडद्यावर दिसले की अनुभवी माणसाला पुढचे विचारावे लागत नाही. दोष पत्ता देणाऱ्याकडे किंवा त्याच्यापर्यंतच्या वाटेत आहे, इंटरनेटमध्ये नाही. पत्ता बरोबर असेल तर ‘पिंग’ या आज्ञेने आधी गेटवेला, म्हणजे जाळ्यातून बाहेर पडण्याच्या दाराला, साद घालून पाहायची आणि मग बाहेरच्या एखाद्या ज्ञात पत्त्याला. दोन्हीकडून उत्तर आले, पण संकेतस्थळ उघडत नाही, असे असेल तर संशय डीएनएसवर, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता सांगणाऱ्या सेवेवर जातो. तेही ठीक असेल तर फायरवॉल, म्हणजे कोणती वाहतूक आत-बाहेर जाऊ द्यायची हे ठरवणारी यंत्रणा, तपासायची.

मुलाखतीत विचारला जाणारा नेहमीचा प्रश्न, ‘ब्राउझरमध्ये पत्ता टाइप करून एंटर दाबल्यावर काय काय घडते?’ हा वरच्याच साखळीचा उलट बाजूने घेतलेला ठाव आहे. ओएसआय प्रारूपाचे सात थर घडाघडा म्हणून दाखवणारा उमेदवार या प्रश्नावर अडखळतो, कारण त्याने थर पाठ केलेले असतात, त्यांतून माहितीचा एक तुकडा कसा उतरतो आणि पलीकडे कसा चढतो हे कधी पाहिलेले नसते. पुण्यातील अभ्यासक्रमांत विषय नाहीत अशातला भाग नाही. अभियांत्रिकी, पदविका आणि विज्ञान शाखेच्या संगणक अभ्यासक्रमांत संगणक जाळ्यांचा विषय असतोच. परीक्षा मात्र व्याख्येची आणि आकृतीची होते.

दुसरी कसोटी आकडेमोडीची. १९२.१६८.१०.७० हा पत्ता ‘/२६’ या मुखवट्यासह दिला असेल तर तो कोणत्या उपजाळ्यातला, हे उमेदवाराने कागदावर झटपट सांगावे, अशी अपेक्षा असते. पत्त्याचे एकूण ३२ बिट; त्यांपैकी पहिले २६ जाळ्याच्या ओळखीसाठी राखले तर यंत्रांसाठी ६ उरतात आणि दोनाचा सहावा घात ६४ येतो. म्हणजे चौसष्ट-चौसष्टचे गट पडतात; ७० हा आकडा ६४ ते १२७ या गटात बसतो; त्यातला पहिला पत्ता जाळ्याचा, शेवटचा सर्वांना एकदम हाक देण्याचा आणि मधले ६२ यंत्रांना देण्याजोगे. यात आठवीच्या गणितापलीकडे काही नाही. तरीही मुलाखतीत उमेदवार गारद होतात ते येथे. आणि हे गणित पंधरा दिवस रोज सोडवले तर कायमचे हातात बसते, त्यासाठी क्लासची गरज नसते.

यापुढचे ज्ञान म्हणजे एकाच स्विचचे तर्काने वेगळे भाग पाडणारे व्हीलॅन, मार्ग ठरवणारे राउटिंगचे नियम आणि सुरक्षेची तत्त्वे. संस्थेच्या आतले मार्ग शोधणारा ओएसपीएफ हा नियम डच शास्त्रज्ञ एड्सखर डाइकस्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लघुतम मार्गाच्या रीतीवर चालतो, म्हणजे डेटा स्ट्रक्चरच्या तासाला शिकलेली गोष्ट येथे कामाला येते. मोठमोठ्या संस्थांची जाळी एकमेकांना आपले मार्ग जाहीर करतात ती बीजीपी या नियमाने. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास जगभर बंद पडले, तेव्हा देखभालीच्या वेळी दिल्या गेलेल्या एका आज्ञेमुळे कंपनीचे अंतर्गत जाळे तुटून तिच्या डीएनएसकडे जाणारे बीजीपी मार्ग मागे घेतले गेले होते, आणि दुरुस्तीला निघालेल्या अभियंत्यांना इमारतीत आणि यंत्रांपर्यंत पोहोचणेही कठीण झाले होते. मुलाखतीच्या तयारीसाठी अशा एका घटनेचा बारकाईने केलेला अभ्यास पन्नास व्याख्यांहून उपयोगी पडतो.

प्रमाणपत्राचा प्रश्न येथे येतो. सिस्को या अमेरिकी कंपनीने १९९८ मध्ये सुरू केलेली सीसीएनए परीक्षा आजही या क्षेत्रात प्रवेशासाठी सर्वाधिक ओळखली जाते. फेब्रुवारी २०२० पासून तिच्या वेगवेगळ्या शाखा एकत्र करून एकच परीक्षा ठेवण्यात आली. ती १२० मिनिटांची असते, तिला कोणतीही पूर्वअट नाही आणि प्रमाणपत्र तीन वर्षे वैध राहते. शुल्क ३०० अमेरिकी डॉलर आणि त्यावर कर, म्हणजे मध्यमवर्गीय किंवा शेतकरी कुटुंबातल्या विद्यार्थ्यासाठी लहान रक्कम नव्हे. या खर्चाबद्दल स्पष्ट सांगितले पाहिजे की प्रमाणपत्र अर्ज चाळणीतून पुढे सरकवते, नोकरी देत नाही; आणि बाजारात ‘डम्प’ नावाने विकल्या जाणाऱ्या प्रश्नसंचांवर परीक्षा पास झालेला उमेदवार मुलाखतीच्या पहिल्या दहा मिनिटांत उघडा पडतो. परीक्षेचे अधिकृत विषयपत्रक विनामूल्य मिळते. ते समोर ठेवून आधी अभ्यास करावा, सराव पुरेसा झाल्यावरच शुल्क भरावे, आणि शेवटच्या वर्षाच्या आधी घाई करू नये, कारण तीन वर्षांची मुदत परीक्षेच्या दिवसापासून धावू लागते.

सरावासाठी महागडी यंत्रे लागतात, हा समज जुना झाला. सिस्कोच्या नेटवर्किंग ॲकॅडमीचे पॅकेट ट्रेसर हे मोफत सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर राउटर आणि स्विच यांची नक्कल उभी करते. जीएनएस-थ्री हे मुक्त सॉफ्टवेअर त्याहून पुढे जाऊन खऱ्या उपकरणांच्या प्रणाली चालवते. आणि वायरशार्क हे साधन तारेवरून जाणारा माहितीचा प्रत्येक तुकडा उघडून दाखवते. घरच्या वाय-फायवर वायरशार्क लावून डीएचसीपीचे चार संदेश (शोध, देकार, मागणी, पोच) एकापाठोपाठ जाताना ज्याने पाहिले, त्याला ती प्रक्रिया पुन्हा पाठ करावी लागत नाही. तरीही हाताचे काम हाताने केल्याशिवाय येत नाही. तापकीर गल्लीतून थोडी केबल, मूठभर आरजे-४५ क्लिपा आणि एक साधी क्रिंपिंगची पक्कड आणून पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी हा रंगक्रम बोटांना शिकवावा. सिस्टिम इंटिग्रेटरच्या मुलाखतीत केबल करून दाखवायला सांगतात तेव्हा पदवीधरांचीच अधिक फजिती होते. मोडीत निघालेले व्यावसायिक स्विच हवे असतील तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चौकशी करता येते.

सरावाला एक लक्ष्मणरेषा आहे. महाविद्यालयाच्या, वसतिगृहाच्या किंवा शेजाऱ्याच्या जाळ्यात परवानगीवाचून शिरणे, हे शिकण्याच्या हेतूने केले तरी माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४३ खाली नुकसानभरपाईस पात्र ठरते, आणि तेच अप्रामाणिक हेतूने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंतचा कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंतचा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. प्रयोग स्वतःच्या यंत्रावर किंवा लेखी परवानगीनेच करावेत.

आता मूळ गाठीकडे. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, अशी ही कोंडी आहे आणि ती फोडण्याचे दोन मार्ग पुण्यात शेजारी शेजारी चालतात, एक सरळ आणि एक वाकडा. वाकडा मार्ग म्हणजे पैसे घेऊन अनुभवाचे खोटे पत्र, खोट्या पगारपावत्या आणि सांगण्यासाठी एक बनावट कंपनी पुरवणाऱ्या ‘कन्सल्टन्सी’. कंपन्या आता पार्श्वभूमी तपासून घेतात; भविष्यनिर्वाह निधीच्या यूएएन क्रमांकावरून कोणत्या मालकाकडे कधीपासून नोकरी होती, याचा इतिहास दिसतो; आणि खोटेपणा वर्षभराने उघड झाला तरी नोकरी जाते. त्याहून वाईट म्हणजे दोन वर्षांचा खोटा अनुभव दाखवणाऱ्याला दोन वर्षांच्या माणसाचे काम दिले जाते. नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडूनच अनामत, ‘ट्रेनिंग फी’ किंवा ‘फाइल चार्ज’ मागणारा कोणीही असो, तेथून उठून यावे. मूळ गुणपत्रिका कोणाच्या ताब्यात ठेवू नयेत.

सरळ मार्ग कंटाळवाणा आहे, पण तो उघडा आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आणि संलग्न महाविद्यालयांत कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने ‘कमवा व शिका’ योजना चालते. बाहेरगावाहून आलेले गरजू विद्यार्थी तिच्यात तासिका मोबदल्यावर काम करतात. त्यांपैकी ज्याला संगणक प्रयोगशाळेत किंवा कार्यालयाच्या नेटवर्कच्या देखभालीत मदत करण्याची संधी मिळते, त्याने ती बागकाम टळले म्हणून न घेता अनुभव म्हणून घ्यावी. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमांत कार्यस्थळावरील प्रशिक्षणाला श्रेयांक मिळू लागले आहेत, पदविकेत औद्योगिक प्रशिक्षण आहे आणि अभियांत्रिकीत इंटर्नशिप आहे; हे आठवडे प्रमाणपत्र विकत घेऊन घरी घालवण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्यात विद्यार्थी आपलाच अनुभव आपल्या हाताने फुकट घालवतो. एखाद्या लहान सिस्टिम इंटिग्रेटरकडे, रुग्णालयाच्या आयटी विभागात किंवा केबलचालकाकडे हे आठवडे काढले तर रॅक पुसण्यापासून फायबरची टोके वितळवून जोडण्यापर्यंत, ज्याला ‘स्प्लायसिंग’ म्हणतात, बरेच काही पाहायला मिळते.

शिक्षण संपल्यावर प्रशिक्षणार्थी अधिनियम १९६१ खालील राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत पदवीधर व पदविकाधारकांना एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी करता येते आणि किमान विद्यावेतनाचा अर्धा वाटा केंद्र सरकार सोसते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये दरमहा विद्यावेतन ठेवले गेले. आयटीआयमध्ये संगणक हार्डवेअर आणि नेटवर्क देखभालीचा एक वर्षाचा व्यवसाय अभ्यासक्रम आहे. दहावीनंतर लवकर कमावणे ज्याला भाग आहे, त्याने पदवीच्या हट्टापायी तो नाकारू नये. दुसऱ्या टोकाला, अभियांत्रिकी पदवीधर, एमसीए आणि काही एमएस्सी झालेल्यांसाठी सी-डॅकची आयटी पायाभूत यंत्रणा, प्रणाली व सुरक्षा यांची सहा महिन्यांची पूर्णवेळ पदव्युत्तर पदविका पुण्यात शिकवली जाते. तिचा प्रवेश सी-कॅट या परीक्षेने होतो, दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत भरलेला असतो आणि शेवटी कंपन्या मुलाखतींना येतात. खासगी क्लासमध्ये घालण्याइतके पैसे आणि सहा महिने हाताशी असतील, तर या परीक्षेचा विचार आधी व्हावा.

खालून वर जाण्याचे उदाहरण पुण्यातच आहे. कैलाश काटकर यांनी शालेय शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम धरले, मंगळवार पेठेत स्वतःचे दुरुस्तीचे दुकान थाटले आणि दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस आढळू लागले, तेव्हा मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकणारे धाकटे बंधू संजय यांनी ते काढण्याचे प्रोग्रॅम लिहिले. त्यातून १९९५ च्या सुमारास ‘क्विक हील’ हे अँटिव्हायरस निघाले आणि २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. प्रत्येक दुरुस्तीवाला उद्योजक होत नाही, हे उघड आहे. पण बिघडलेली यंत्रे रोज हाताखालून गेल्याने काय दिसू लागते, याचा हा पुरावा आहे.

हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत काम म्हणजे त्या कंपनीचीच नोकरी, असेही नेहमी नसते. नेटवर्क देखभालीच्या प्रवेशपातळीच्या पुष्कळ जागा मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्थेच्या ‘पेरोल’वर भरल्या जातात, कामाची जागा एका कंपनीची, नियुक्तिपत्र दुसरीचे. यात गैर काही नाही, मात्र नियुक्तिपत्रात मालक कोण, करार किती महिन्यांचा, भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का, नोकरी सोडताना किती दिवसांची सूचना द्यावी लागते आणि सांगितलेल्या वार्षिक पॅकेजमधून दरमहा हातात किती येते, हे वाचून मगच सही करावी.

एक भीती अलीकडे वारंवार बोलून दाखवली जाते की क्लाउड आणि स्वयंचलन आल्याने नेटवर्कवाल्यांची गरज संपणार. क्लाउडमध्येही उपजाळी, मार्ग आणि फायरवॉलचे नियम असतात; फरक एवढा की ते तारेऐवजी पडद्यावर आणि पुष्कळदा प्रोग्रॅमने मांडले जातात. शंभर स्विचवर एकच बदल हाताने करणाऱ्याचे काम खरोखर जाणार आहे. म्हणून लिनक्स आणि थोडे पायथॉन आज नेटवर्कच्या विद्यार्थ्यालाही चुकत नाही, आणि सीसीएनएच्या विषयपत्रकातही स्वयंचलनाला जागा मिळाली आहे. सुरक्षेच्या बाजूने मागणी वाढतेच आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले, त्यांतला मोठा भाग हल्लेखोरांनी एटीएमच्या मागण्या बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचू न देता स्वतःच्या बनावट यंत्रणेकडून मंजूर करवून घेतल्यामुळे; म्हणजे जाळ्यातली एक वाट वळवली गेली आणि ते वेळीच कोणाच्या लक्षात आले नाही. केंद्र सरकारच्या सर्ट-इन संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये असे प्रकार सहा तासांच्या आत कळवण्याचे आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपण्याचे निर्देश दिले; त्या नोंदी पाहणारी माणसे लागणारच.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजीचे दडपण असते. परदेशी ग्राहकाशी बोलावे लागते हे खरे, परंतु लागणारी इंग्रजी सफाईदार गप्पांची नसते. दोष काय होता, केव्हापासून होता, कोणाकोणाला होता, काय तपासले आणि पुढे काय करणार, एवढे पाच-सहा सरळ वाक्यांत लिहिता व बोलता आले की पुरते. सरावात सोडवलेल्या प्रत्येक बिघाडाची अशी टिपणवही ठेवली, तर ती इंग्रजीचीही तयारी होते आणि मुलाखतीत ‘अनुभव काय?’ या प्रश्नाला दाखवायला काही तरी खरे हातात असते.

यात महाविद्यालयांकडेही एक काम उरते आणि त्याला निधी लागत नाही. नेटवर्क बदलले की जुने स्विच, राउटर आणि पॅच पॅनेल निर्लेखित होऊन भांडारात धूळ खात पडतात आणि यथावकाश भंगारात जातात. ती यंत्रे निर्लेखनाच्या यादीवर चढवण्याआधी वर्षभर प्रयोगशाळेत एका टेबलावर मांडावीत, ती खोली संध्याकाळी आठपर्यंत उघडी ठेवावी आणि विद्यार्थ्यांना ती यंत्रे बिघडवू द्यावीत.